सुई टोचली तेव्हाची दोन मिनिटं

ओदिलोन बेंतांकोर, वय एकसष्ट.
व्यवसायाच्या रकान्यात मुलीनं लिहिलं होतं: निवृत्त.
ते खोडून त्यांनी लिहिलं: कत्तलखाना.
मोंतेविदेओत ऑगस्ट म्हणजे भर थंडी,
दक्षिणेचा वारा दवाखान्याच्या काचा हलवतो,
आणि हे स्वेटरची बाही वर सारायला
इतका वेळ लावतात
की वाटतं, बाही आतून वाढत चालली आहे.

"शीर चांगली आहे," मी म्हणते.
"असणारच," ते म्हणतात. भिंतीला.

मी दिवा मंद करते, दार लोटून घेते.
टेक्नेशियम सहा तासांत अर्धं होतं,
रात्रीपर्यंत चतकोर, परवापर्यंत नावापुरतं.
पण मेंदूत ते पहिल्या दोन मिनिटांतच बसकण मारतं,
जिथं रक्त गेलं तिथं, जितकं गेलं तितकं,
आणि मग जागचं हलत नाही.
म्हणून यंत्राखाली तासाभरानं झोपवलं
तरी फोटो निघतो तो सुई टोचली तेव्हाचा.
हे मी सगळ्यांना सांगते.
सहसा कुणी काही विचारत नाही.

"म्हणजे आत्ता मनात येईल ते?"
"ते नाही. रक्त कुठं गेलं, तेवढंच."
"रक्त कुठं जातं ते मला नका सांगू, बाई.
सव्वीस वर्षं वाट करून दिली त्याला.
फरशीला उतार लागतो. बोटभर.
नाहीतर जागीच गोठतं."

नेलिदा नंतर म्हणाली,
मार्चपासून बाबा एका दमात एवढं बोलले नव्हते.

हलू नका, हे त्यांना सांगावं लागलं नाही.
यंत्र डोक्याभोवती फिरत राहिलं
अर्धा तास,
आणि ते असे पडून होते
जसे घरी पडून असतात.
(पलंग, खिडकी, पुन्हा पलंग.
मातेचं पाणी थर्मासात गार होतं,
नेलिदा ते संध्याकाळी मोरीत ओतते.)

पडद्यावर जे उमटतं त्याचे रंग मी निवडते.
निळा म्हणजे दुःख नव्हे.
गेल्या वर्षी तिथं करडा होता,
डॉक्टरांना दिसेना, म्हणून बदलला.

डॉक्टर एचेगोयेन सावध माणूस.
डावीकडे, पुढे, जरा कमी, म्हणाले.
पण असं ठणठणीत माणसातही सापडतं,
आणि आजाऱ्यात सापडत नाही असंही होतं;
शंभर जणांची सरासरी काढली तर काही म्हणता येतं,
एकट्या माणसाची सरासरी निघत नाही.
नेलिदाला सरासरी ऐकू आलीच नाही.
तिला ऐकू आलं: कमी.
"म्हणजे तो आळस नव्हता," ती म्हणाली,
आणि मग माझ्याकडे वळून, जणू मीच न्यायाधीश,
"जूनमध्ये मी ओरडले त्यांच्यावर.
ज्यांनी आमच्यासाठी रक्ताचं पाणी केलं
त्यांना म्हटलं, ऊठ आता, मढ्यासारखा पडलायस."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.
मी तिला प्रिंट काढून दिली, नियमात नसताना.

बेंतांकोर तोवर खुर्चीतून पडद्याकडे बघत होते.
उठले. जवळ गेले.
काळपट निळ्या जागी बोट टेकवलं,
काचेवर ठसा राहील इतकं.
"इथं उतार कमी पडलाय," म्हणाले.
डॉक्टरांनी विचारलं, काय?
ते पुन्हा बोलले नाहीत.

एव्हाना ते सेर्रोच्या बसमध्ये असतील.
शेजारच्या प्रवाशाला कळायचं नाही,
या माणसाच्या डोक्यात सकाळची दोन मिनिटं
अजून विझायची आहेत.

मी छातीवरचा बिल्ला काढून खणात ठेवला,
घरी आले, काही शिजवलं नाही.
न्हाणीघरातला दिवा लावून
फरशीवर मगभर पाणी ओतलं
आणि उकिडवी बसून पाहत राहिले.
बराच वेळ ते तिथंच होतं.
मग एका कडेनं, बारीक,
निघालं.